दोष पाठांतराचा नाही, रकान्यांचा आहे : भूगोलातील केस स्टडी आणि इतिहासाची पद्धत

१/
परीक्षांचा हंगाम जवळ आला की समाजमाध्यमांवर एक विशिष्ट प्रकारचे पान फिरू लागते. चार रंगांची शाई, वर ठळक मथळा, खाली तीन रकाने : कारणे, परिणाम, उपाययोजना. ‘किल्लारी एका पानात’, ‘कोयना पाच मुद्द्यांत’. पान देखणे असते, हजारो जण ते जतन करून ठेवतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते पुन्हा पुन्हा वाचतात. आजचा धागा त्या पानाविरुद्ध आहे. विषय भूगोलाचा वाटला तरी तक्रार इतिहासाच्या विद्यार्थिनीची आहे, हे प्रथमच सांगून टाकते.

२/
आधी माझीच फजिती सांगते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी भूगोल माझा दुय्यम विषय होता. भूकंपावर प्रश्न आला. कोयना आणि किल्लारी ही दोन्ही पाने मला तोंडपाठ होती. मी कोयनेच्या उत्तरात जाड दगडी भिंती, माळवदाची घरे, विसर्जनानंतरची रात्र असे सारे लिहून आले, आणि किल्लारीच्या खाली जलाशयाचा दाब. परीक्षकांनी दोन्ही परिच्छेदांना जोडणारा एक बाण काढून दिला होता. त्याखाली काहीच लिहिले नव्हते. लिहिण्याची गरजही नव्हती.

३/
त्याच सुमारास वसतिगृहातील माझी सोबतीण औसा तालुक्याची होती. ती उत्तरपत्रिका तिने पाहिली. ती म्हणाली, “अगं, तू ज्याला ‘परिणाम क्रमांक तीन’ म्हणतेस ना, त्यात माझ्या आजोळचं गाव आहे.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिची आई त्या पहाटे मातीतून काढलेल्यांपैकी होती. मला मात्र त्यानंतर ते तीन रकान्यांचे पान पूर्वीसारखे वाचता आले नाही. पुढचे सारे त्या अस्वस्थतेतून सुचलेले आहे.

४/
या वादात दोन पक्ष आहेत आणि मला दोन्ही अमान्य आहेत. पहिला पक्ष घोकंपट्टीचा : अर्थ गेला तरी चालेल, मुद्दे आले पाहिजेत. दुसरा पक्ष अलीकडे फार प्रतिष्ठित झालेला : पाठांतर मागासलेले आहे, फक्त ‘संकल्पना समजून घ्या’. हा दुसरा उपदेश ऐकायला गोड, पण उत्तरपत्रिकेसमोर निरुपयोगी. ज्याला एकही घटना तपशिलासह आठवत नाही, त्याला संकल्पना समजली आहे हे तो सिद्ध कशाने करणार? स्मरण हवेच. प्रश्न एवढाच की कशाचे आणि कसे.

५/
घोकंपट्टीवाले एका नावाचा आधार घेतात : हर्मान एबिंगहाउस. या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला विस्मरणाचा आलेख तुम्ही शंभरदा पाहिला असेल. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांशच शिल्लक, महिनाभराने सुमारे एक पंचमांश. (हा आकडा नेमका आठवण्याचा नाही, पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचले, त्याचा आहे.) मग निष्कर्ष काढला जातो : माणूस विसरतोच, म्हणून तेच पान वीस वेळा वाचा.

६/
पण एबिंगहाउसने पाठ काय केले होते? निरर्थक अक्षरगट. अर्थाचा स्पर्शही नको, म्हणून त्याने मुद्दाम तशी सामग्री तयार केली होती. त्याच ग्रंथात त्याने तुलनेसाठी बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवीही पाठ केली, आणि तितक्याच लांबीच्या निरर्थक सामग्रीच्या मानाने त्यांना जेमतेम एक दशांश श्रम पडले. आलेख सगळे दाखवतात, ही तुलना कोणी दाखवत नाही. अर्थ, लय, एकामागून एक येणाऱ्या गोष्टींचा संबंध, यांची किंमत दहापट होती. आपली रंगीत पाने नेमके उलटे करतात : अर्थपूर्ण घटना घेतात आणि तिचे निरर्थक अक्षरगट बनवतात.

७/
कसे, ते पाहा. तीन रकान्यांचे कोणतेही पान उघडा. ‘परिणाम’ या रकान्यात जीवितहानी, वित्तहानी, पर्यावरणाची हानी, स्थलांतर. ‘उपाययोजना’ या रकान्यात जनजागृती, पूर्वसूचना, पुनर्वसन, वृक्षारोपण. आता वरचे गावाचे नाव खोडा. हे पान भूकंपाचे, पुराचे, दरडीचे की दुष्काळाचे, ते ओळखता येते का? जे वर्णन प्रत्येक आपत्तीला बसते ते कोणत्याही आपत्तीचे वर्णन नसते. मग स्मृतीने दोन पानांची गल्लत केली तर दोष स्मृतीचा कसा? तिला वेगळे ओळखण्यासारखे काही दिलेच नव्हते.

८/
इतिहासाचा विद्यार्थी या पानात पहिली उणीव कोणती पाहील? काळ. रकान्यांना काळ नसतो. कारणे एका पेटीत, परिणाम दुसऱ्या पेटीत. मधला निर्णयाचा क्षण, घाई, दुर्लक्ष, योगायोग हे सारे गळून पडते. वस्तुतः भूगोलातील प्रत्येक केस स्टडी ही एका ठिकाणी, एका दिवशी, विशिष्ट माणसांच्या बाबतीत घडलेली घटना असते. म्हणजे ती इतिहासच असते. तेव्हा ती इतिहासासारखी लक्षात ठेवावी, हा माझा साधा दावा आहे. उदाहरणे घेऊ.

९/
पानशेत. पान सांगते : ‘१२ जुलै १९६१, धरणफुटी, पुण्यात पूर.’ आता हीच घटना काळाच्या क्रमाने घ्या. मुठेची उपनदी आंबी, तिच्यावर मातीचे धरण. काम पुरे व्हायचे होते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्था अपुरी आणि अर्धवट होती. भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो थोपवण्याचा प्रयत्न केला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला. एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरण काही तास टिकले आणि मग तेही फुटले. त्यानंतर नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

१०/
एवढ्यावर थांबू नका, विचारा : पूर ओसरल्यावर काय? खडकवासला हाच शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा होता. तो वाहून गेला. पुराने बुडालेल्या शहरावर पाण्याची टंचाई आली. आणि त्याही नंतर? पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. म्हणजे आजच्या पुण्याचा नकाशा ही त्या सकाळची खूण आहे. ही साखळी एकदा समजून घेतली की ‘परिणाम’ पाठ करावे लागत नाहीत. दोन धरणे एका नदीच्या वाटेवर एकाखाली एक आहेत, एवढे आठवले की पुढचे ओघाने येते.

११/
आता माझी जुनी गल्लत : कोयना आणि किल्लारी. उपाय असा की ही दोन पाने कधीही वेगवेगळ्या दिवशी वाचू नका; समोरासमोर ठेवा आणि फक्त फरक विचारा. कोयना : ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तीव्रता सहाच्या वर, मृत्यू सुमारे १८०. धरणाच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले होते आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले होते. जलाशयामुळे प्रेरित भूकंप म्हणून जगभरच्या अभ्यासात हे उदाहरण येते. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही समजूत या भूकंपाने हलवली. म्हणजे कोयनेचा खरा प्रश्न जमिनीखालचा आहे : पाणी आणि खडक यांचा.

१२/
किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. तीव्रता कोयनेच्या जवळपासच. मृत्यू मात्र हजारोंनी. अधिकृत नोंदी आणि अन्य अंदाज वेगवेगळे असले तरी आठ ते दहा हजारांच्या घरात. सारख्या ताकदीच्या दोन भूकंपांत हा फरक का? गणेश विसर्जन आटोपून दमलेली माणसे घरात झोपलेली. भूकंपाचे केंद्र उथळ, त्यावर दाट वस्तीची गावे. आणि घरे : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे अंगावर आले. किल्लारीचा खरा प्रश्न जमिनीवरचा आहे : घराचा.

१३/
जवळच्या निम्न तेरणा जलाशयाबद्दलही काही अभ्यासकांनी प्रश्न उपस्थित केला होता; पण कोयनेसारखे सर्वमान्य उदाहरण ते ठरले नाही. ही ओळ उत्तरात आली तर परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याने केवळ पान वाचलेले नाही. आणि ज्याने ‘एक प्रश्न पाणी आणि खडकाचा, दुसरा घराचा’ हा फरक एकदा स्वतःच्या शब्दांत लिहिला, त्याच्याकडून माझी चूक होणे कठीण आहे. मला ते कळायला एक पेपर गमवावा लागला.

१४/
१९७२ चा दुष्काळ तर या पानांवर सर्वांत जास्त अन्याय सोसतो. ‘अवर्षण, पीकबुडी, स्थलांतर’ एवढ्यावर तो संपतो. पण आजही मराठवाड्यातला किंवा नगर-सोलापूरकडचा कोणी वृद्ध भेटला तर विचारा. ते खडी फोडल्याचे सांगतील, सुकडीचे सांगतील, बाहेरून आलेल्या मिलोच्या लाल भाकरीचे सांगतील. त्या दुष्काळी कामांच्या काळातच वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी योजना आकाराला आली; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला; आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची पूर्वपीठिका म्हणून तिचेच नाव घेतले जाते. दुष्काळ, योजना, राज्याचा कायदा, देशाचा कायदा : चार पायऱ्या. आजीची एक आठवण हाताशी असेल तर पहिली पायरी कधीच विसरणार नाही.

१५/
साखळी समजली, तरी ती टिकवायची कशी? येथे मी घोकंपट्टीवाल्यांइतकीच कठोर आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘येते’ असा भास होतो, एवढेच. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांचा २००६ चा प्रयोग पाहा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आदल्या रात्रीचा आत्मविश्वास फसवा का असतो, त्याचे हे उत्तर आहे. पाच मिनिटांनी तो खराच असतो.

१६/
२०१३ मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे ही दोनच तंत्रे त्यांनी वरच्या श्रेणीत ठेवली. ओळी रंगवणे आणि पुनर्वाचन ही खालच्या श्रेणीत गेली. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ते रंगीत पान उभे आहे, नेमक्या त्याच.

१७/
तेव्हा माझी पद्धत, जशी वापरते तशी :
• कोरा कागद. घटनेचे नाव लिहायचे, टिपण मिटायचे, आठवेल ते काळाच्या क्रमाने लिहायचे : आधी काय होते, कोणता निर्णय झाला, तो क्षण, लगेच काय, वीस वर्षांनी काय.
• मग टिपण उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे. पुढच्या वेळी अभ्यास फक्त लाल शाईचा.
• हाताने नकाशा. नदी, धरण, गाव, उताराची दिशा. सुंदर नको, खरा हवा.
• एका घटनेला चारच आकडे. प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते सांगता आले पाहिजे.
• घटना जोडीने : कोयना–किल्लारी, पानशेत–माळीण.
• अंतर वाढवत जायचे : दुसरा दिवस, चौथा, दहावा, तिसावा. या आकड्यांत मंत्र नाही. थोडे विसरू द्यायचे आणि मग आठवायचे, एवढेच तत्त्व.

१८/
“वेळ कुठे आहे?” हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. चाळीस केस स्टडी, दोन महिने, सोबत नोकरी किंवा घरचे काम. माझे उत्तर : चाळीस करू नका, बारा करा. एकटे पानशेत धरण-सुरक्षा, नागरी पूर, पुनर्वसन आणि प्रशासकीय निर्णय अशा चार प्रश्नांना पुरते. आद्याक्षरांच्या युक्त्यांनाही माझा सरसकट विरोध नाही. भूकंपलहरींचे प्रकार त्यांनी जरूर लक्षात ठेवा. यादी आद्याक्षरांत मावते. घटना मावत नाही. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तेथे सुटे मुद्दे चार ओळींत संपतात आणि पुढचे पान कोरे राहते.

१९/
आणि हे सारे आपल्याला परके नाही. महानुभावांचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ आठवा. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. आठवणींत फरक पडला तेथे तो ‘वासना’ म्हणून नोंदवलाही. याच परंपरेत ‘स्थानपोथी’ आहे : स्वामी कोठे थांबले, ती जागा कशी होती, कोणत्या दिशेला काय होते. कोण, कोठे, कोणाच्या साक्षीने, या प्रश्नांनी बांधलेले ते स्मरण होते. किल्लारीच्या मृतांचे आकडे स्रोतागणिक बदलतात, तेव्हा गोंधळू नका; स्रोताचे नाव घेऊन फरक नोंदवा. हे सातशे वर्षांपूर्वी मराठीत झालेले आहे.

२०/
पाश्चात्त्य स्मृतिशास्त्राच्या उगमाची एक दंतकथा सिसेरोने सांगितली आहे. सिमोनिडीस हा ग्रीक कवी एका मेजवानीतून क्षणभर बाहेर आला आणि मागे छत कोसळले. आतली माणसे ओळखू येईनात. कोण कोठे बसले होते, हे सिमोनिडीसला आठवत होते. त्यावरून त्याने एकेकाची ओळख पटवून दिली आणि नातलगांना अंत्यविधी करता आले. आज ‘स्मृतिमहाल’ म्हणून जे तंत्र विकले जाते, त्याची ही मूळ गोष्ट. कोसळलेल्या छताखालच्या प्रत्येकाला त्याचे नाव परत देण्यासाठी ती स्मृती वापरली गेली. ही गोष्ट वाचली तेव्हा मला सोबतिणीचे आजोळ आठवले.

२१/
म्हणून हा वाद केवळ गुणांचा नाही. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी काही जण उद्या तहसीलदार, प्रांत, अभियंता, शिक्षक होतील. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेले, १५१ माणसे गेली, आणि गाव दिसत नाही हे प्रथम लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. तो त्या वाटेने नेहमी जात असे. तेथे काय असायला हवे, हे त्याच्या स्मरणात होते. पावसाळ्यात एखाद्या वाडीवरून फोन येईल, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या माणसाला ‘उपाययोजना : वृक्षारोपण’ आठवावे की उतार, पाणी आणि खालची घरे आठवावीत?

२२/
तर या आठवड्याचा स्वाध्याय. आपल्या जिल्ह्यातील एक घटना निवडा : पूर, दरड, दुष्काळ, भूकंप, काहीही. टिपण मिटून कोऱ्या कागदावर ती काळाच्या क्रमाने लिहा. ज्याने ती पाहिली असेल असा एक माणूस घरात किंवा गल्लीत शोधा, आणि आपला कागद त्याला वाचून दाखवा. तो जेथे थांबवून “तसं नव्हतं” म्हणेल, तेथे लाल शाई वापरा. कागदाचे छायाचित्र खाली टाका. चुका असलेलाच टाका. मी किल्लारीचा माझा कागद सर्वांत आधी टाकते आहे. तो औशाच्या माझ्या सोबतिणीने तपासला आहे, आणि त्यावर बरीच लाल शाई आहे.

(धागा समाप्त)